कालव्यातली बारा फाटकं

तारीख २४ सप्टेंबर १९६०, शनिवार. रक्कम दरमहा पंचवीस रुपये. हजर: क्रीडा समितीचे प्रमुख असलेले कल्याण अधिकारी, एक झेक यंत्रतज्ज्ञ, त्याचा दुभाषा आणि मी. चहा चौघांसाठी आला, बिस्किटं तिघांसाठीच आली. माझ्या हुद्द्याचा अंदाज चपराशाने बरोबर बांधला होता.

मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात हिशेब खात्यातला कारकून. त्या बैठकीचं मला बोलावणं नव्हतं, मी आक्षेप घेऊन गेलो होतो. भिलाईत त्या काळी प्रत्येक गोष्ट आधी मंजूर व्हायची आणि मग उभी राहायची. एका सेक्टरच्या शाळेला पितळी घंटा आली तेव्हा शाळेच्या जागी धानाचे बांध होते. त्याच रीतीने एप्रिलपासून एक पद मंजूर होऊन पडलं होतं: कॅनू स्लॅलम प्रशिक्षक, भत्ता पंचवीस रुपये. प्रशिक्षक नव्हता. खेळाडू नव्हता. होडी होती, पण ती झेक साहेबाची स्वतःची होती. माझं म्हणणं इतकंच की भत्ता कोणाला द्यायचा ते सांगा, नाहीतर रक्कम परत करा. खर्च न झालेली रक्कम वर्षाच्या शेवटी माझ्याच टेबलावर येऊन बसायची आणि तिचं कारण मलाच लिहावं लागायचं.

कल्याण अधिकाऱ्यांनी आक्षेप शेवटपर्यंत ऐकला. मग माझं वय विचारलं. मी अडतीस सांगितलं. तब्येत विचारली. मी बरी म्हणालो. ते म्हणाले, तर मग तुम्हीच व्हा.

मी उठणार होतो, तेवढ्यात त्यांनी पुढचं वाक्य सहज सांगितलं. प्रशिक्षकाने मैदानाजवळ राहणं आवश्यक असतं, म्हणून त्याला क्वार्टर नंबराबाहेर मिळतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आतच संडास, नळ.

मी पुन्हा बसलो.

आम्ही दुर्गला एका धानाच्या व्यापाऱ्याच्या गोदामामागच्या खोलीत राहत होतो. मी, बायको, दोन मुली आणि व्यापाऱ्याचे उंदीर. क्वार्टरच्या यादीत माझा नंबर चारशेच्या पुढे होता, आणि यादी ज्या गतीने सरकत होती ती पाहता मुलींची लग्नं आधी झाली असती. त्यात व्यापाऱ्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि सुनेसाठी त्याला आमचीच खोली हवी होती. दिवाळीपर्यंत खोली रिकामी करा, असं त्याने श्रावणातच सांगून ठेवलं होतं. दिवाळी आता चार आठवड्यांवर होती. दुर्गमध्ये भाड्याची खोली मिळत नव्हती, कारण कारखान्यामुळे अर्धा देश तिथे खोली शोधत होता. खोली मिळाली नाही तर बायको-मुलींना कामठीला माहेरी पाठवायचं आणि आपण मेसमध्ये खाट टाकायची, असं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. बायकोने ते मान्य केलं नव्हतं.

घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं. ती भात उतरवत होती.

"तुमाले पोहता येते?" तिने विचारलं.

मी म्हणालो की अर्जात तसा रकाना नाही.

"बुडाल्यावर रकाना भरतीन काय ते?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, ताट वाढता वाढता: "नळ घरातच हाय म्हंता?"

झेक साहेबाबद्दल सांगायला हवं. भिलाईत तेव्हा रशियन शेकड्यांनी होते. त्यांची घरं, त्यांचा क्लब, त्यांची गाणी वेगळी होती. हा एकटा झेक. कुठल्याशा मोठ्या कॉम्प्रेसरसोबत तो आला होता, आणि कॉम्प्रेसर चालू झाल्यावरही त्याला काही महिने थांबवून ठेवलं होतं, कारण परत पाठवायची मंजुरी आली नव्हती. तो रशियन बोलायचा, आपण हिंदी बोलतो तशी, म्हणजे न घाबरता. दुभाषा ते रशियन समजून घ्यायचा आणि इंग्रजी-हिंदीत मला सांगायचा. माझ्यापर्यंत पोचेपर्यंत प्रत्येक वाक्य बरंच वाळून गेलेलं असायचं.

त्याच्या देशात हा खेळ चांगलाच रुजलेला होता म्हणे. वाहत्या पाण्यावर आडवी दोरी बांधायची. तिला लाकडी दांडे जोडीजोडीने लटकवायचे. एक जोडी म्हणजे एक फाटक. डाव्या दांड्यावर लाल पट्टे, उजव्यावर हिरवे. दांड्याला न शिवता, नंबराप्रमाणे, सगळ्या फाटकांतून होडी काढायची. काही फाटकं मुद्दाम अशी की पुढे जाऊन, वळून, पाठमोरं आत शिरावं लागतं. थोडक्यात, ज्या पाण्यातून सरळ निघून जाता येतं त्यात अडथळे उभारायचे आणि मग ते पार केल्याबद्दल शाबासकी घ्यायची. हे मला ताबडतोब समजलं. माझं सगळं आयुष्य खात्यात गेलं होतं.

नंदिनीच्या खाणीतून चुनखडी आणणारी रेल्वेलाइन ज्या ठिकाणी कालव्यावरून जाते, ती जागा त्याने शोधली होती. पुलाच्या वरच्या अंगाला कालव्यात दगडी बांधावरून पाणी कमरेएवढं खाली पडायचं आणि तिथून पुलापर्यंत उसळत जायचं. धानासाठी पाणी सोडलेलं होतं. दिवाळीनंतर कालवा बंद होणार होता आणि झेक साहेबाची परतीची मंजुरीही आली होती. त्यामुळे जे काय शिकायचं ते दोघांच्याही जाण्याआधी.

होडी दोन पिशव्यांतून निघाली. एका पिशवीत लाकडाच्या फासळ्या, दुसरीत रबर लावलेलं कापड. पाऊण तासात त्याची होडी झाली. माझ्या अंगावर ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब चढवून त्याने मला तिच्यात बसवलं. मी बसलो, होडीने एकदा विचार केला, आणि आम्ही दोघं उलटे झालो. ट्यूब वर आली, तिच्यामागे मी. काठावर म्हशी धुणारा एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "बाबू, नहाय बर कपड़ा उतार के उतरथें." म्हणजे, अंघोळीला कपडे काढून उतरतात.

असं चार संध्याकाळी झालं. पाचव्या संध्याकाळी झेक साहेबाने दुभाष्याला काहीतरी लांबलचक सांगितलं. दुभाष्याने त्यातलं इतकंच माझ्यापर्यंत पोचवलं की तुम्ही होडीत बसू नका. मी म्हणालो, एवढंच बोलले? दुभाषा म्हणाला, बाकीचं तुमच्याबद्दल होतं.

त्याने मला काठावर बसवलं आणि पाणी वाचायला शिकवलं. रोज मी दोन आण्यांचे मुरमुरे न्यायचो. मूठ मूठ मुरमुरे धारेत टाकायचे आणि ते कुठे जातात ते पाहायचं. बहुतेक सरळ पुलाखालून निघून जायचे. पण काही बाजूला वळायचे, पुलाच्या दगडी खांबामागे जायचे आणि तिथून चक्क उलट दिशेने वर यायचे. म्हणजे कालवा खाली वाहतोय आणि खांबामागचं पाणी वर चाललंय. या उलट्या पाण्यातच होडी थांबवता येते, वळवता येते आणि पाठमोरी काढता येते. सगळ्या खेळाची किल्ली तिथे होती.

मला ते आवडलं, हे कबूल करायला हरकत नाही. वही समोर असली की रक्कम कुठून निघाली आणि कुठे परत आली हे मला दिसतं, तसंच ते पाणी मला दिसू लागलं. आठ दिवसांत मी सांगू शकत होतो की सहाव्या फाटकाआधी होडी डावीकडे हातभर ठेवली नाही तर सातवं चुकणार. झेक साहेब खूश झाला. वल्ह्याचे हात मी घरी शिकलो. पाटावर बसून, लांब दांड्याचा खराटा आडवा धरून, डावा-उजवा, डावा-उजवा. व्यापाऱ्याची आई एकदा उंबऱ्यातून हे पाहून गेली. दुसऱ्या दिवशी तिने बायकोला विचारलं की तुमच्या ह्यांना कुठे दाखवलं का. बायकोने सांगितलं, दाखवून राहिलो, पण औषध दिवाळीलेच मिळन.

पण प्रमाणपत्राची अट वेगळी होती. झेक साहेबाचं म्हणणं, प्रशिक्षक म्हणजे ज्याचा विद्यार्थी पार होतो तो. एक विद्यार्थी आणा. तो बाराही फाटकं न शिवता पार झाला की तुम्ही प्रशिक्षक. रविवार १६ ऑक्टोबर ही तारीख त्याने ठरवून दिली.

कारखान्याच्या फुटबॉल संघात मी विचारून पाहिलं. त्यांनी आधी मला पोहता येतं का ते विचारलं आणि मग हसत सुटले. शेवटी बायकोच म्हणाली, माझ्या भावाले सांगा.

तिचा धाकटा भाऊ भिलाई-३ च्या रेल्वे यार्डात रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन होता. कामठीचा, कन्हान नदीत वाढलेला, पाण्यात मासा आणि जमिनीवर तोंडाळ. रात्रपाळी करून सकाळी तो आमच्याकडे झोपायला यायचा, कारण त्याच्या बराकीत झोपेपेक्षा पत्ते जास्त असायचे. मी त्याला सगळं सांगितलं.

"भाऊजी," तो म्हणाला, "तुमाले पोहता येत नाई अन् तुमी मले शिकवून राहिले. आमच्या यार्डात अशाले साहेब म्हंतेत."

मी म्हणालो, क्वार्टरचा प्रश्न आहे.

"तं असं सांगा ना. मले वाटलं खेळाचा हाय." आणि बहिणीकडे वळून: "बाई, रोज पाटवडी-रस्सा लागन मले. खेळाडू हावो मी."

होडीत तो पहिल्याच दिवशी असा बसला जणू तिच्यातच जन्मला. झेक साहेब टाळ्या वाजवत काठाकाठाने धावला. पहिल्या फाटकाजवळ आल्यावर मात्र मेहुण्याने वल्हं थांबवलं. होडी आडवी झाली आणि दांडा त्याच्या कानशिलावर बसला. दुसऱ्या फाटकावर तेच. तिसऱ्यावरही. मोकळ्या पाण्यात तो हवं ते करायचा, पण फाटक आलं की त्याचे हात थबकायचे. झेक साहेबाने आपले केस ओढले. दुभाष्याने विचारलं की हा घाबरतो का. मेहुणा म्हणाला, भीतीचं काय काम.

मग काठावर बसून विडी ओढताना तोच बोलला. "लाल दिसली का हात आपोआप थांबतेत, भाऊजी. सा वर्सं झाली लायनीत. झोपेत बी लाल दिसली तं कुशी बदलत नाई मी."

डावीकडचे सगळे दांडे लाल होते. रंग बदला, असं मी झेक साहेबाला सुचवलं. त्याने दुभाष्यामार्फत कळवलं की साऱ्या जगात डावा दांडा लाल असतो आणि भिलाईसाठी तो निळा होणार नाही. या बाबतीत मी मनातून त्याच्याच बाजूचा होतो. नियम एकासाठी वाकवला की पुढे रांग लागते.

दोन दिवस मी त्यावर विचार केला. दिवाळी जवळ येत होती आणि व्यापारी आमच्या खोलीच्या भिंती सुनेच्या आवडीच्या रंगात कशा दिसतील ते येऊन पाहून जात होता. तिसऱ्या दिवशी मी मेहुण्याला विचारलं की सिग्नल बिघडलेला असला तर गाडी कशी काढता.

"हातझेंडीनं. माणूस उभा राहते. सिग्नल लाल असो का काई असो, त्याच्याकडं पाहाचंच नाई. झेंडीवाला हिरवी दावन तं चालाचं, लाल दावन तं थांबाचं."

"मग हे चोवीसही दांडे बिघडले आहेत असं समज," मी म्हणालो. "मी झेंडी घेऊन उभा राहतो."

त्याने विडी विझवली. "कोणाच्या हुकमानं बिघडले?"

"माझ्या."

"तुमी कोन?"

"प्रशिक्षक."

"थे तं अजून झालेच नाई तुमी," तो म्हणाला, पण दुसऱ्या दिवशी यार्डातून एक लाल आणि एक हिरवी झेंडी घेऊन आला.

आता शिकणारा मी होतो आणि शिकवणारा तो. हात कोपरातून नाही, खांद्यातून. झेंडी हलवायची नसेल तेव्हा गुंडाळून काखेत. लाल दाखवली की डोळे मिटायचे नाहीत. हिरवी म्हणजे ये. लाल म्हणजे थांब आणि पाणी मागे मार. धबधब्याच्या आवाजात साधं बोलणं ऐकूच यायचं नाही, त्यामुळे झेंडी हे फार सोयीचं साधन निघालं. मेहुणा दांड्यांकडे ढुंकूनही न पाहता, नजर माझ्या हातावर ठेवून, सुरळीत निघू लागला. झेक साहेब म्हणाला की असं प्रशिक्षण त्याने त्याच्या देशातही पाहिलं नव्हतं. दुभाष्याच्या मते ही स्तुती होती.

नववं फाटक तेवढं कठीण होतं. ते पुलाच्या खांबामागे, उलट्या पाण्यात, आणि पाठमोरं शिरायचं. तिथून होडीतल्या माणसाला काठ दिसत नाही. दिसतो तो फक्त पुलालगतच्या भरावाचा वरचा कोपरा. म्हणून नवव्यासाठी मी धावत भरावावर जायचं आणि तिथून लाल दाखवायची, असं आम्ही ठरवलं. एका रेल्वेवाल्याने आणि एका हिशेबनीसाने मिळून लाल झेंडीसाठी जागा निवडली ती रुळापासून आठ हातांवर. होडीतून काय दिसतं ते आम्ही दहादा तपासलं. रुळावरून काय दिसतं ते दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही सराव संध्याकाळी करायचो आणि त्या वेळी त्या लाइनवर गाडी नसायची.

परीक्षेचा रविवार उजाडला. साहेबांवर कोळसा उडू नये म्हणून, सकाळी चुनखडीची गाडी नाही, असं मेहुण्याने यार्डात विचारून घेतलं होतं. कल्याण अधिकारी सपत्नीक आले. त्यांच्यासाठी दोन खुर्च्या आल्या होत्या. झेक साहेब हातात थांबघड्याळ घेऊन खालच्या टोकाला उभा राहिला. बायको दोन्ही मुलींना आणि जेवणाच्या डब्याला घेऊन काठावर बसली. गावातली माणसं म्हशींसकट आली. आदल्या रात्री मी बायकोला समजावून सांगितलं होतं की आठपर्यंत घोर नाही. नवव्याला मी लाल दाखवीन, तेव्हा तो मागे गेला तर घर आपलं.

झेक साहेबाने हात खाली केला आणि मेहुणा धबधब्याखालच्या धारेत शिरला. मी काठाने त्याच्या पुढे पुढे धावत होतो, हिरवी, हिरवी, थोडी लाल, पुन्हा हिरवी. सातवं तो इतक्या जवळून गेला की दांड्यावरचं पाणी त्याच्या पाठीवर ठिबकलं, पण दांडा हलला नाही. आठवं झालं. मी झेंड्या काखेत मारून भराव चढलो, वळलो आणि लाल झेंडी खांद्यातून सरळ वर धरली.

शिटी मला ऐकू आली होती. कारखान्याच्या आसपास शिट्या येतच असतात. मग ब्रेकांचा असा काही कर्कश आवाज आला की म्हशी उठून उभ्या राहिल्या. मागे पाहिलं तर वळणावरून आलेली मालगाडी, इंजिनाचं तोंड पुलावर ठेवून, वाफ सोडत माझ्यासमोर उभी राहिली होती. मागे चुनखडीचे डबे, नजर पोचेल तिथपर्यंत. ऐनवेळी सोडलेल्या या जादा गाडीची यार्डालाही खबर नव्हती, असं नंतर कळलं.

मेहुणा खांबामागच्या उलट्या पाण्यात वल्हं रोवून तरंगत होता. त्या सगळ्या माणसांत काय झालंय ते नीट समजणारा तो एकटा होता.

"भाऊजी, हिरवी दावा," तो खालून ओरडला. "लोडेड गाडी हाय. चढावावर उभी केली तुमी."

पेच असा होता. हिरवी दाखवली तर गाडी निघेल, पण होडीही निघेल. सहा वर्षांची सवय आणि आठवडाभराचं माझं प्रशिक्षण मिळून तो हिरवी दिसताच पुढे जाणार, नववं फाटक मागे राहणार आणि क्वार्टर जाणार. लाल तशीच धरली तर फाटक होईल, पण तोवर देशाची चुनखडी माझ्या हाताखाली उभी. मी काठाकडे पाहिलं. कल्याण अधिकारी खुर्चीतून उठले होते आणि आपण इथे नाही असं भासवता येईल का ते पाहत होते. बायको जागची हलली नव्हती. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की माझ्या हातातली लाल झेंडी खाली आली की घर गेलं.

"धरा तशीच," ती तिथूनच ओरडली.

मी धरली.

"मागे मार," मी मेहुण्याला ओरडून सांगितलं. "आधी फाटक."

"वरतून ड्रायव्हर उतरून राहिला."

"उतरू दे. तो खाली येईपर्यंत तू निघ."

त्याने एकदा इंजिनाकडे पाहिलं, एकदा झेंडीकडे, आणि वल्हं उलटं टाकलं. होडीचं शेपूट फाटकात शिरलं, मग तो, मग तिचं टोक. दोन्ही दांडे जागच्या जागी लोंबत राहिले. मी लाल खाली घेतली आणि हिरवी दाखवली.

होडी सुटली. वर इंजिनातल्या फायरमनने हिरवी पाहिली आणि निघण्याची शिटी दिली. ड्रायव्हर तोवर माझ्या आणि इंजिनाच्या मधोमध पोचला होता. त्याला कोणीकडे धावावं ते कळेना. शेवटी त्याने फायरमनला हाताने दम दिला आणि तो माझ्याकडे आला. मोठा, शांत माणूस, तोंडावर कोळशाची पूड.

"लाइन टूटी है?" त्याने विचारलं.

मी नाही म्हणालो.

"पुल में कुछ?"

"नहीं।"

"तो लाल किसको दिखाया?"

मी होडीकडे बोट केलं. ती तेव्हा अकराव्या फाटकातून निघत होती. ड्रायव्हरने होडी पाहिली, लटकते दांडे पाहिले, खुर्च्या पाहिल्या.

"और वो रुका?"

"रुका। पीछे भी गया।"

त्याने जरा विचार केला. "तो बोलो, मैं भी पीछे जाऊँ?"

बारावं फाटक झालं. झेक साहेब हसता हसता खाली बसला होता आणि घड्याळ थांबवायला विसरला होता, त्यामुळे वेळ किती लागला ते कधीच कळलं नाही. पण वेळेची अट नव्हती, न शिवण्याची होती. त्याने तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून प्रमाणपत्र लिहिलं. ते झेक भाषेत होतं, त्यामुळे त्यात काय आहे ते मला आजही माहीत नाही.

चढावावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा हलवायला मागून दुसरं इंजिन आणावं लागलं. तोवर ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड आमच्या डब्यावर जेवले. मेहुणा झाडामागे लपून राहिला, कारण गार्ड त्याच्या ओळखीचा होता.

मंगळवारी रेल्वे खात्याचं पत्र आलं. रविवारी सकाळी पुलाजवळ लाल झेंडी दाखवणारा इसम कोण आणि कोणाच्या अधिकाराने, याचा खुलासा व्हावा. कल्याण अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. यावेळी चहाही नव्हता. मला वाटलं, प्रमाणपत्र गेलं, क्वार्टर गेलं, नोकरी राहिली तर पुष्कळ. पण ते वेगळाच विचार करत होते. ते म्हणाले, अनधिकृत माणसाने झेंडी दाखवली असं लिहिलं तर समितीने अनधिकृत माणसाला झेंडी का दिली हा प्रश्न येतो, आणि समिती म्हणजे मी. पण रीतसर नेमलेल्या प्रशिक्षकाने कामावर असताना, खेळाच्या गरजेपोटी, खेळाडूला झेंडी दाखवली असेल, तर हा नुसता योगायोग ठरतो. पुढे पिवळी वापरा म्हटलं की मिटलं. म्हणून त्या दिवशी तुम्ही रीतसर नेमलेले असणं फार आवश्यक आहे.

त्यांनी नेमणुकीचा हुकूम पुढे सरकवला. त्यावर तारीख २४ सप्टेंबरची होती.

मी सांगितलं की २४ सप्टेंबरला माझी निवड झाली होती, नेमणूक नाही, आणि मागची तारीख घालायला माझा आक्षेप आहे. ते म्हणाले, आक्षेप नोंदवला, आता सही करा. मी आक्षेप खरंच नोंदवून घेतला आणि मग सही केली. खुलासा गेला, मान्य झाला, आणि प्रशिक्षक नेमलेला आहे हे आता दोन खात्यांनी लेखी मान्य केल्यामुळे त्याला क्वार्टर न देण्याची सोयच उरली नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी किल्ली मिळाली. बायकोने आधी नळ उघडून पाहिला. पाणी आलं नाही, पण नळ घरातच होता.

झेक साहेब होडी पुन्हा दोन पिशव्यांत भरून त्याच आठवड्यात गेला. कालवा बंद झाला. गावातल्या लोकांनी दांडे नेऊन सेमीच्या शेंगांचे वेल चढवले. मी पुढे अकरा वर्षं प्रशिक्षक होतो. दरवर्षी प्रगतीचा अहवाल मागवला जायचा आणि दरवर्षी मी खरं तेच लिहायचो: पाणी, होडी व खेळाडू यांच्या अभावी सराव स्थगित.

माझ्या भत्त्याचं पहिलं बिल नोव्हेंबरात माझ्याच टेबलावर आलं. होडी नाही, खेळाडू नाही, तेव्हा भत्ता देय नाही, असा शेरा मारून मी ते परत पाठवलं. बायकोला ते सांगितलं. ती भावाला म्हणाली, "पाह्य तुया भाऊजीचं. सोताच्या बिलावर लाल झेंडी दावून आले." मेहुण्याने बाजू घेतली नाही. त्याचं म्हणणं, लाल दाखवायची सवय लागली की सुटत नाही.

भत्ता मला मिळाला नाही. मेहुण्याला पाटवडी-रस्सा मिळाला, पण तो रोखीत धरता येत नाही. त्या सगळ्या प्रकरणात अखेर पैसे दिले गेले ते एकदाच, जानेवारीत, आणि त्याची नोंद मी स्वतः पाहिली: रुपये दहा, मालगाडीच्या ड्रायव्हरला, लाल झेंडी वेळेत पाहून गाडी उभी केल्याबद्दल बक्षीस.